तुरटी न घातलेला रंग

प्रिय ईशा आणि अनय,

परवा फोनवर ईशाने विचारलं, "आजी, निवडणुकीच्या आधी मी उघड सांगितलं, की माझा पाठिंबा विरोधी पक्षाच्या पुढाऱ्याला आहे, तर चालतं का? माझी मैत्रीण म्हणते, असं सांगितलं की मत बाद होतं." मी "चालतं, चालतं" म्हणून फोन ठेवला, कारण दूध गॅसवर होतं. नंतर मात्र दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. म्हणून हे लिहायला बसले.

आधी सरळ उत्तर देते. चालतं. आपलं मत गुप्त ठेवायचा हक्क आपला आहे, ते बाहेर कोणाला सांगायचं असेल तर तोही आपला. मतदान केंद्राच्या आत मात्र ते कोणाला दाखवायचं नाही. सरकारी नोकरीत असाल तर प्रचार करता येत नाही. मी सरकारी शाळेत इंग्रजी शिकवत होते, त्यामुळे हा नियम मला पाठ आहे. बाकी कोणीही कोणालाही पाठिंबा द्यावा, आधी द्यावा, नंतर द्यावा. मत बाद होत नाही.

हे उत्तर मला तरुणपणीच ठाऊक होतं, पुस्तकात वाचलेलं होतं. पण एका माणसाने ते आमच्या अंगणात, भर सकाळी, सगळ्या गल्लीसमोर करून दाखवलं, तेव्हा मला जो धक्का बसला तो आजही तसाच आहे.

हा माणूस म्हणजे आमचे घरमालक. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांचे नातेवाईक अजून म्हैसुरात आहेत. गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, आम्हीही अण्णाच म्हणायचो. मला सगळं क्रमाने सांगायची सवय आहे, पण अण्णा मला क्रमाने आठवत नाहीत. जसे आठवतात तसे लिहिते.

लग्नानंतर तुमच्या आजोबांनी आणि मी मार्केटच्या मागे, रंगाऱ्यांच्या गल्लीत जागा बघितली. ही मंडळी आपल्यासारखीच घरात मराठी बोलणारी, पिढ्यान् पिढ्या म्हैसूरला राहिलेली. पूर्वी सगळी कापड रंगवायची आणि छापायची. मिलचं कापड आलं तशी कोणी दुकान घातलं, कोणी बँकेत लागलं, कोणी बसच्या खात्यात. अण्णा मात्र रंगवतच राहिले. मुख्यतः लग्नातले पेटे, म्हणजे म्हैसुरी फेटे. भाड्याची बोलणी करायला गेलो तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, जात विचारली नाही. आजोबांपुढे हात करून म्हणाले, "रुमाल द्या."

आजोबांनी निळ्या काठाचा रुमाल दिला. अण्णांनी तो तांब्यात बुडवला, मुठीत आवळून पिळला आणि गळणाऱ्या पाण्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. पाणी स्वच्छ होतं. "चालेल," म्हणाले, "सामान केव्हा आणता?"

जिना चढताना आजोबा माझ्या कानाशी पुटपुटले, "नशीब, तुझा रुमाल मागितला नाही."

अण्णांचे हात कोपरापर्यंत कधीच माणसाच्या रंगाचे नसत. दसऱ्याच्या सुमाराला लाल, लग्नसराईत केशरी, मधूनच एखादा हिरवा. त्या हातांनी ते गल्लीत येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवत आणि त्याच्या अंगावरच्या कापडाचं भविष्य सांगत. एकदा मी शाळेत निघाले असताना म्हणाले, "टीचरम्मा, हे जांभळं पातळ पावसात नेसू नका हं. फसवणार आहे." मी हसून पुढे गेले. संध्याकाळी सर आली आणि माझे पाय गुडघ्यापर्यंत जांभळे होऊन मी घरी आले. अण्णा ओट्यावर होते. काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

त्यांची दुसरी खोड म्हणजे कोणी काही म्हटलं की उलट बाजू घ्यायची. आमटी सगळ्यांना खारट लागली की त्यांना अळणी लागे. गल्लीत कोणी म्हटलं आज उकडतंय, की हे घोंगडी मागत. त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. अक्का म्हणत, "ह्यांनी आयुष्यात एकदाच हौदू म्हटलंय बघा, मला बघायला आले तेव्हा. तेही सासऱ्यांनी चिमटा काढला म्हणून." हौदू म्हणजे हो. कानडी शब्द आमच्या बोलण्यात असे कुठेही येऊन बसतात. तुमच्या आईला विचारा, ती अजून झोपेत 'बेडा', म्हणजे नको, म्हणते.

अशा खोडीमुळे अण्णांचं मत कोणी फारसं मनावर घेत नसे. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

निवडणुकीच्या दिवशी मात्र अण्णा वेगळे होत. सकाळी आंघोळ करून धुवट पांढरं धोतर नेसत, काही न खाता मत देऊन येत, आणि ते कोणाला दिलं हे कोणालाही सांगत नसत. अक्कांनाही नाही. घरी आल्यावर अंगणात बसून बोटावरची शाई काढायला लागत. लिंबू, चिंच, शिकेकाई, ब्लीचिंग पावडर, रॉकेल, सगळं मांडलेलं.

अक्का ओरडत, "पुन्हा मत द्यायला जाताय काय? पोलीस नेतील धरून."

"अगं, ही शाई आपल्याच गावात बनते. रंगाऱ्याच्या बोटावरचा रंग रंगाऱ्याला निघत नाही, ही काय गोष्ट झाली?"

निघत कधीच नसे. त्याचा त्यांना जेवढा राग, तेवढाच अभिमान.

आता त्या समाजाची एक रीत सांगते. समाजाचं गल्लीच्या टोकाला विठ्ठलाचं देऊळ होतं. समाजाने एकत्र एखादी गोष्ट ठरवली, म्हणजे अमक्या दराखाली कोणी रंगवायचं नाही, किंवा अमक्याशी कोणी व्यवहार करायचा नाही, की देवासमोर एका परातीत लाखेचा लाल रंग ठेवत आणि घरटी एक कर्ता माणूस त्यात बोट बुडवी. बोट लाल झालं म्हणजे शब्द दिला. तो रंग पंधरवडाभर टिके, आणि तो बोटावर असेपर्यंत शब्द मोडायची कोणाची छाती होत नसे. तो रंग करायचा मान अण्णांच्या घराण्याकडे होता. लाख उकळायची, गाळायची आणि शेवटी त्यात तुरटी घालायची. तुरटी घातली की रंग कातडीला, नखाला धरून बसतो. नाहीतर पाण्याबरोबर निघून जातो. हे मला अक्कांनी सांगितलं होतं.

रीत जुनी होती, धंद्यापुरती होती, मला त्यात वावगं काही वाटत नसे. त्या वर्षी विधानसभेची निवडणूक आली आणि समाजाच्या अध्यक्षांनी तीच रीत मतासाठी काढली, तेव्हा मला पहिला धक्का बसला.

अध्यक्षांचं कापडाचं मोठं दुकान होतं, सगळे त्यांना दादा म्हणत. माणूस वाईट नव्हता. समाजाच्या मुलींसाठी वसतिगृह बांधायचं हे त्यांचं स्वप्न होतं, आणि सत्ताधारी पक्षाच्या उमेदवाराने त्यांना जागा द्यायचा शब्द दिला होता. बदल्यात समाजाची सगळी मतं. दादांनी देवळात सभा बोलावली. अक्कांबरोबर मीही गेले आणि बायकांच्या बाजूला बसले.

दादा म्हणाले, "उद्या संध्याकाळी देवासमोर रंग लावू. घरातल्या सगळ्यांच्या मतांचा शब्द घरच्या कर्त्याने द्यायचा."

मी अक्कांकडे बघितलं. त्या शांतपणे वाती वळत होत्या. "तुमच्या मताचाही शब्द अण्णाच देणार?" मी विचारलं.

"रेशनही तेच आणतात," अक्का म्हणाल्या.

तेवढ्यात पुरुषांच्या बाजूने अण्णांचा आवाज आला. "दादा, मत जर इथे देवाला, तुम्हाला, सगळ्यांना दाखवून द्यायचं, तर तिथे सरकारने पडदा कशाला लावलाय? ऊन लागू नये म्हणून?"

सगळे हसले. दादाही हसले. "अण्णा, तुम्ही खारटाला अळणी म्हणणारे. सुम्ने बसा आणि रंग तेवढा चांगला करा." सुम्ने म्हणजे उगाच, गपचूप. अण्णा खरंच सुम्ने बसले. मला वाटलं, संपलं.

दादांना खात्री वाटायला आणखी एक कारण होतं. अण्णांची एकुलती एक मुलगी सुमित्रा हिचं लग्न दादांच्या बहिणीच्या मुलाशी ठरलं होतं. मुलगा पिरियापट्टणचा. घरचा तंबाखूचा व्यापार, त्यामुळे परवान्यांसाठी सत्ताधारी पक्षाच्या लोकांशी रोजचा संबंध. साखरपुडा झाला होता, लग्न महिन्यावर आलं होतं. सुमित्रा तेव्हा एकोणीस वर्षांची. संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी शिकायला वर येई. साखरपुड्यात मुलाकडून आलेलं हिरवं रेशमी पातळ तिने मला चार वेळा तरी दाखवलं असेल, दरवेळी काहीतरी निमित्त काढून. "टीचर, याला फॉल कसला लावू?" "टीचर, हा रंग मला काळी दाखवतो का हो?" त्या मुलाने तिला एक इंग्रजी वाक्य म्हणून दाखवलं होतं, त्यातली चूक दुरुस्त करून घ्यायलाही ती माझ्याकडेच आली होती. मी चूक सांगितली. ती म्हणाली, "राहू दे तशीच. मला तशीच आवडली."

ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रंग लागला. मी गॅलरीतून बघत होते. पुरुष एकेक करून देवळातून बाहेर येत होते आणि लाल बोट वर धरून चालत होते, धोतराला लागू नये म्हणून. अण्णांचंही बोट लाल होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेची तयारी करत होते. खाली अंगणात गलका ऐकू आला. गॅलरीत येऊन बघते तर गल्लीतले पंधरावीस पुरुष अंगणात उभे, कोणी आंघोळ करून ओल्या पंचात, कोणी अर्धी दाढी केलेला, आणि प्रत्येकाने उजव्या हाताचं एक बोट पुढे धरलेलं. सगळी बोटं स्वच्छ. रंगाचा ठिपकासुद्धा नाही. समोरच्या घरातली एक म्हातारी रडत होती, "देवाने नाकारला रंग! अय्यो विठ्ठला, नाकारला!"

दादा गर्दीतून पुढे आले. ते स्वतः रंगाऱ्याच्या घरातले, त्यांना देवाला विचारायची गरज नव्हती. त्यांनी आपलं बोट अण्णांपुढे धरलं आणि फक्त विचारलं, "अण्णा, तुरटी?"

अण्णा ओट्यावर बसून लग्नाच्या पेट्याला पीळ देत होते. त्यांनी मान वर केली नाही.

दादा हुशार होते. त्यांनी लगेच वाट काढून दिली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वय झालं हो. विसरले अण्णा. आज पुन्हा रंग करतील, संध्याकाळी पुन्हा लावू. त्यात काय एवढं!"

सगळ्यांनी श्वास सोडला. अक्का स्वयंपाकघरातून धावत आल्या, "हौदू, हौदू! हल्ली फार विसरतात. काल चष्मा डोक्यावर आणि घरभर शोधतायत. मीच बघायला हवं होतं."

काल चष्मा वगैरे काही झालं नव्हतं. अण्णांना चष्माच नव्हता.

अण्णांनी पेटा खाली ठेवला. "विसरलो नाही," म्हणाले. "तुरटी डब्यात आहे. मी घातली नाही."

"म्हणजे विसरलात," दादा म्हणाले. त्यांचा आवाज विनवणीचा होता, हे मला वरूनही कळलं.

"दादा, लुगडं नेसायला बाई विसरेल, पण रंगारी तुरटी विसरणार नाही. घातली नाही म्हणजे घातली नाही."

"का?"

"कारण मला शब्द द्यायचा नव्हता, आणि कोणाच्या बळजबरीचा शब्द माझ्या रंगाने पक्का करायचा नव्हता." मग अण्णा उठून उभे राहिले. आयुष्यभर ज्याने बायकोला आपलं मत सांगितलं नाही, तो माणूस सगळ्या गल्लीसमोर म्हणाला, "माझं मत त्या वकिलाला आहे. विरोधी पक्षाच्या. त्यांना माझा पाठिंबा आहे. ज्याला सांगायचं त्याला सांगा."

मी गॅलरीचा कठडा धरून उभी होते. तो वकील, म्हणजे विरोधी पक्षाचे आमच्याकडचे पुढारी, थोड्या दिवसांपूर्वी सायकलवरून गल्लीत येऊन गेले होते. वसतिगृहाच्या जागेचं कोणी विचारलं तर म्हणाले होते, "मी निवडून आलो तरी ती जागा माझ्या हातात नसेल. खोटं कशाला सांगू?" लोक हसले होते, अशानं कोणी मत देतं का म्हणून. अण्णांनी तेव्हा हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे बघितलं होतं, एवढंच मला आठवत होतं.

दादा आणखी जवळ आले. ते ओरडले नाहीत, त्यांना रडू येत होतं. "अण्णा, मत दिल्यावर गप्प बसला असतात तर कोणाला कळलं असतं? आजवर कळलं का? आत्ता, निवडणुकीच्या आधी, चारचौघांत सांगायचं?"

"गपचूप देणारे इथे पुष्कळ आहेत," अण्णा म्हणाले. "एकाने तरी तोंड उघडलं, तर बाकीच्यांना गपचूप देता येईल. उद्या मतं कमी पडली तर माझं नाव सांगा. सांगायला एक नाव झालं की नाही?"

"आणि देवासमोर तुम्हीही बोट बुडवलंत ते?"

"देवाला कळतं, रंगात तुरटी आहे की नाही ते."

मी शाळेत मुलींना खरं बोला म्हणून शिकवणारी बाई. देवाच्या दारात सगळ्या समाजाला फसवणारा आणि दुसऱ्या दिवशी उघड्यावर खरं बोलून स्वतःचं वाटोळं करणारा, असा एकच माणूस माझ्यासमोर उभा होता. त्याला काय म्हणावं हे मला कळेना.

मग दादा अगदी हळू बोलले. "पिरियापट्टणला मी काय सांगू? सुमित्राचं लग्न महिन्यावर आलंय."

सुमित्रा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात नारळाची वाटी होती, खोबरं खवत असताना तशीच उठून आली असावी. तिच्याकडे सगळ्यांनी बघितलं. अण्णांनी बघितलं नाही. त्यांनी पेटा उचलला आणि पुन्हा पीळ द्यायला लागले.

पिरियापट्टणहून आठवड्याच्या आत माणूस आला. साखरपुड्यातलं काही परत मागायला नाही, अण्णांकडून गेलेलं परत द्यायला. "आम्हाला त्यांच्याकडेच रोज जावं लागतं हो," तो बिचारा पुन्हा पुन्हा म्हणत होता, "परवाने त्यांच्या हातात." अक्कांनी त्याला पाणी दिलं. रीत म्हणून सुमित्राने ते हिरवं रेशमी पातळ आणून त्याच्यापुढे ठेवलं. तो नको नको म्हणत तसाच उठून गेला.

अण्णांनी ते पातळ उचललं. मला वाटलं, आता हा माणूस रडेल. त्यांनी पदराचं टोक तांब्यात बुडवलं, मुठीत धरून पिळलं. हिरवं पाणी टपटप खाली पडलं. "बघ," ते मुलीला म्हणाले, "कच्चा रंग."

सुमित्राने त्यांच्या हातातून पातळ ओढून घेतलं. अंगणातल्या दोरीवर ते नीट, सुरकुत्या काढून, चारी टोकं सारखी करून वाळत घातलं. मग माझ्याकडे वर आली आणि म्हणाली, "टीचर, आज धडा कुठला?" मी विचारलं, आज राहू दे का? ती म्हणाली, "नाही. शिकवा." त्या दिवसापासून वडिलांशी ती "वाढलंय" आणि "दार लावून घ्या" याच्या पलीकडे बोलली नाही.

गल्लीही बोलेना. त्या लग्नसराईत अण्णांच्या दोरीवर एकही पेटा वाळला नाही. अक्कांना हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं थांबलं. देवळात अण्णा जिथे बसत तिथून लोक सरकून बसायला लागले. एकदा ते वकील पुढारी स्वतः आभार मानायला आले, तर अण्णांनी त्यांना फाटकातच अडवलं. "मत देतो. चहा देत नाही. घरात येऊ नका, तुमची बाकीची मतं जातील." आजोबा पेपराआड इतके हसले की पेपर फाटला. मला हसू आलं नाही. खाली सुमित्रा भांडी घासत होती.

निवडणूक झाली. वकील पडले. सत्ताधारी उमेदवार निवडून आला. पण गल्लीत कुजबूज पसरली की आमच्या केंद्रावर वकिलांना खूप मतं पडली. एक नाही, खूप. दादा कितीतरी दिवस प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत फिरत होते. विचारणार कोणाला? ज्याला त्याला विचारावं तर तो म्हणे, "अण्णांना विचारा." वसतिगृहाची जागा मिळाली नाही, आणि त्याचा दोष अण्णांच्या माथी बसला तो कायमचा.

मी मात्र एके दुपारी अक्कांना विचारलं. म्हटलं, "अण्णांनी इतकं केलं, तुम्हीही त्या वकिलालाच दिलंत ना?"

अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वेड्यासारखं काही बोलले होते. "त्याला? माझ्या मुलीचं लग्न ज्याच्यापायी मोडलं त्याला?" मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "ह्यांना सांगू नका. यांना वाटतं मी यांच्याबरोबर होते."

मी सांगितलं नाही. पडदा त्यांच्यासाठीही होता.

आम्ही ती जागा काही वर्षांनी सोडली. अण्णा गेले, नंतर अक्का गेल्या. सुमित्राने शिक्षिकेचं शिक्षण घेतलं, सरकारी शाळेत लागली, लग्न केलं नाही. हूटगळ्ळीला तिने स्वतःचं घर बांधलंय. तुम्ही तिला सुमीआजी म्हणता आणि तिच्याकडचे चिरोटे संपवून येता. पण यातलं तुम्हाला काही माहीत नव्हतं.

मागच्या निवडणुकीला ती स्कूटरवरून मला न्यायला आली. मत देऊन आम्ही शाळेच्या आवारात झाडाखालच्या बाकावर बसलो, माझे गुडघे दुखत होते म्हणून. रांगेतली मुलं मोठमोठ्याने आपापल्या पुढाऱ्याची बाजू घेऊन भांडत होती. मी म्हटलं, "सुमी, हे बघून अण्णांना किती आनंद झाला असता."

"झाला असता," ती म्हणाली.

इतक्या वर्षांनी तिने त्यांना माफ केलं असेल असं मी धरूनच चालले होते. म्हटलं, "आता तरी राग गेला ना?"

"नाही."

ती अगदी सहज म्हणाली.

"टीचर, मी मुलांना नागरिकशास्त्र शिकवलंय. अण्णांनी केलं ते बरोबरच होतं, कोणी विचारलं तर आजही सांगेन. पण तेव्हा मताला एकवीस वर्षं लागायची. अंगणात जेवढे उभे होते त्या सगळ्यांना मत होतं, ते सगळे मोकळे झाले. मला मत नव्हतं. आणि सगळ्यांत जास्त जे गेलं ते माझं गेलं. मला तो मुलगा आवडला होता, तुम्हाला ठाऊक आहे. अण्णांनी दादांचा विचार केला, देवाचा केला, त्या वकिलाचा केला. मला एकदा विचारायचं होतं हो, आदल्या दिवशी. 'सुमी, असं करू का?' एवढंच."

"आणि तू काय म्हटलं असतंस?"

"करा म्हटलं असतं," ती म्हणाली. "म्हणून तर राग जात नाही."

ईशा, अनय, तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'चालतं' हेच आहे. ते मी बदलत नाही. अण्णांचं घर पाडून तिथे मोबाइलची दुकानं झाली आहेत. गल्लीत आता कोणी रंगवत नाही. मतासाठी देवळात रंग त्यानंतर कधी लागला नाही, आणि निवडणुकीआधी तिथे लोक बेधडक वेगवेगळ्या बाजूंनी बोलतात. सुमित्राचा राग अजून आहे.

तुमची,
आजी